शेवाळाची खतावणी

समुद्राशी सोलापूरचा संबंध तसा मिठापुरताच. ते आम्ही शेंगाचटणीत घालतो, कडक भाकरीबरोबर खातो आणि समुद्राचे उपकार तिथल्या तिथे फेडून टाकतो. रत्नागिरी-नागपूर महामार्ग गावावरून जातो हे खरं. पण इथून रत्नागिरी साडेतीनशे किलोमीटर. समुद्रावरून निघालेला वारा सांगलीपर्यंत येऊन दमतो, तिथे उसाचा रस पितो आणि माघारी फिरतो. आमच्या वाट्याला उरतं ते बेचाळीस अंशांचं ऊन.

अशा गावात, त्यातही शुक्रवार पेठेत, एका माणसाने घरात समुद्र ठेवला आहे. ज्या गावाने चार-चार दिवसांआड येणाऱ्या नळावर वर्षानुवर्षं संसार केले, जिथे सुनेच्या हाताची चव नंतर आणि भांडी घासताना तिला किती पाणी लागतं ते आधी बघतात, त्या गावात समुद्र! हा माणूस माझा सख्खा भाचा आहे. त्यामुळे पेठेत जी काही बदनामी झाली असेल तिच्यात माझाही हिस्सा आहे.

हा समुद्र तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद नि उंच आहे. ताईच्या बैठकीच्या खोलीत पूर्वी जिथे शिवणाचं मशीन होतं तिथे तो पसरला आहे. पावणेदोनशे लिटर पाणी, त्यात पिशवीतून आणलेलं खास मीठ कालवलेलं, खाली दगड, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे, आणि दगडांवर चिकटवलेली जिवंत प्रवाळं. प्रवाळ हा प्राणी आहे हे ताईला पटवायला भाच्याला सहा महिने लागले. तिच्या मते पोवळं मंगळासाठी असतं आणि ते अंगठीत घालतात. त्याला निळ्या दिव्याखाली ठेवून चमच्याने भरवत नाहीत. आपल्याकडची प्रवाळं २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, बसलेली आहेत. समुद्रातून बोटभर तुकडा उचलणं हाही गुन्हा. भाच्याची प्रवाळं परदेशातल्या शेतात वाढवलेली आणि पावतीसकट आलेली आहेत. ती पावती तो आजीच्या फोटोपेक्षा जपतो.

आठ महिने समुद्र शांत होता. मग त्याला शेवाळ धरलं.

आधी वाळूवर दालचिनीची पूड सांडल्यासारखा तपकिरी थर आला. तो गेला आणि दगडांना हिरवे केस फुटले. महिन्याभरात त्या केसांची लांबी कॉलेजातल्या पोराला लाजवील इतकी झाली. पाठोपाठ कोपऱ्यांत तांबडी, बुळबुळीत साय धरली. भाचा रोज रात्री दात घासायच्या ब्रशाने दगड घासू लागला. स्वतःचे दात तो एवढा वेळ कधी घासत नव्हता. सकाळी केस पुन्हा उभे. पहिल्या पगाराच्या बोनसातून घेतलेलं एक प्रवाळ होतं, हिरवट, बोटांबोटांचं. त्याच्या बोटांत ते केस अडकले आणि एक कड पांढरी पडली. पांढरं पडणं म्हणजे प्रवाळाच्या भाषेत काय, हे त्याने मला सांगितलं नाही. पण त्या दिवशी तो जेवला नाही. ताईने मला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "त्याला सांग, मोडून टाक म्हणावं. लेकराचं तोंड बघवत नाही."

मी कॉमर्सचा पदवीधर. बँकेत कारकुनी करतो. शेवाळ या विषयावर माझं मत विचारावं असं आजवर कुणाला वाटलेलं नाही. पण एखादं खातं बिघडलं की पहिल्या नोंदीपासून तपासायचं, एवढं आमच्या धंद्यात शिकवतात. म्हणून मी या प्रकरणाच्या पहिल्या नोंदीपाशी गेलो, आणि ती सापडली लंडनमध्ये, १८४६ सालातली.

ॲना थिन नावाच्या बाई होत्या. यजमान वेस्टमिन्स्टर ॲबीत मोठे धर्माधिकारी. म्हणजे आपल्याकडच्या हिशेबात देवस्थानच्या पंचकमिटीतलं घर. बाई हवापालटासाठी टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेल्या आणि तिथल्या खडकांवरची इवलीशी प्रवाळं बघून हरखल्या. ती लंडनला न्यायची कशी? बाईंनी सुईदोरा घेतला आणि प्रवाळं एका मोठ्या स्पंजावर शिवून टाकली! दगडी बरणीत समुद्राचं पाणी भरलं, स्पंज त्यात सोडला आणि गाडी हाकारली. प्रवाळाला टाका घालणारी ही बाई सोलापूरच्या एखाद्या गणवेशाच्या कारखान्यात सहज सुपरवायझर झाली असती.

लंडनला समुद्र नाही. नवं पाणी रोज कुठून आणणार? आणि जुनं पाणी साचून राहिलं की त्यातला प्राणवायू संपतो. यावर बाईंनी उपाय काढला. घरातल्या मोलकरणीला उघड्या खिडकीपाशी उभं करायचं आणि तिने ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, दुसऱ्यातून पहिल्यात, उंचावरून ओतत राहायचं. अर्धा-अर्धा, पाऊण-पाऊण तास. उडपी हॉटेलातला माणूस कॉफी वरखाली करतो ना, तसं. फक्त कॉफी कुणी प्यायची नाही. पुढच्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्री वनस्पतीही आणून सोडल्या. प्रवाळं जवळजवळ तीन वर्षं जगली, त्यांना पिल्लं झाली, आणि १८५९ साली बाईंच्या नावाने त्यावर निबंध छापून आला.

हे मी ताईला सांगितलं तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, "त्या मोलकरणीचं नाव काय?"

मी वाचलं त्यात तिचं नाव नाही. मोलकरीण, एवढंच.

"बघ की," ताई म्हणाली. "समुद्र तिने जिवंत ठेवला आणि निबंध बाईसाहेबांचा."

हा शेरा ताईने सहज मारला नव्हता. सोलापूरच्या उन्हाळ्यात या पेटीतलं पाणी दिवसाला तीन-चार लिटर उडतं. भाचा सकाळी आठला कामावर जातो. गाळणीच्या यंत्रातून शुद्ध पाणी काढायचं, कळशीने आणायचं, माशांना न घाबरवता हळूहळू सोडायचं आणि काचेवर मारलेल्या खुणेपर्यंत पातळी आणायची, हे काम त्या घरात कोण करतं, हे विचारायची गरज नव्हती.

असो. दुसरी नोंद १८४९ सालची. रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनमधले रसायनशास्त्रज्ञ. यांनी मोठ्या काचपात्रात गोडं पाणी घेतलं, दोन छोटे गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली. कागदावर हिशेब चोख होता: मासा जो वायू सोडेल तो वनस्पती घेईल, वनस्पती प्राणवायू सोडील तो मासा घेईल. दोघांचं परस्पर भागेल. पण थोड्याच दिवसांत वनस्पतीची जुनी पानं कुजली, पाणी गढूळलं, काचेवर हिरवी बुळबुळ चढली. पुस्तकात टॅली झालेला हिशेब प्रत्यक्षात फसला, कारण कुजलेल्या पानांचं काय करायचं ते कुणाच्याच नावावर मांडलेलं नव्हतं. वॉरिंग्टन यांनी तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, बुळबुळ खाल्ली आणि अंडी घातली. ती अंडी माशांनी खाल्ली. १८५० साली त्यांनी हे रसायनशास्त्रज्ञांच्या सभेपुढे मांडलं. घरातल्या काचपेटीतल्या शेवाळावर पगारी नोकर नेमल्याची ही सुरुवातीची नोंद. आजही दुकानदार भाच्याला 'सफाई पथक' म्हणून डझनाच्या भावाने शंखातल्या गोगलगायी विकतो, त्यामागे वॉरिंग्टन आहेत. भाच्याच्या पथकातल्या अर्ध्या गोगलगायी मात्र काचेवर चढून सुट्टीवर असल्यासारख्या बसून असतात. त्यांची युनियन असावी.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि इंग्लंडला साथ लागली. घरोघर काचपेट्या! गॉस यांनी समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी साधं मीठ आणि आणखी तीन-चार क्षार मिसळून पाण्याचा समुद्र करायची कृतीही छापली. शुक्रवार पेठेतल्या समुद्राचं कुलदैवत म्हणायचं ते हेच. त्यांच्या मुलाने पुढे १९०७ साली लिहून ठेवलं की वडिलांची पुस्तकं वाचून लोक किनाऱ्यावर इतके लोटले की खडकांतली ती सुंदर डबकी पार ओरबाडली गेली. साथ दहा-पंधरा वर्षांत ओसरली. हौशी मंडळींनी पेटी खिडकीत ठेवली, उन्हाने पाणी हिरवंगार झालं, घरात वास सुटला, आणि पेट्या माळ्यावर गेल्या. आपल्याकडे व्यायामाची सायकल जाते तिथेच.

सगळेच मात्र हरले नव्हते. विल्यम अल्फर्ड लॉइड या गृहस्थांनी लंडनमध्ये मत्स्यपेट्यांच्या सामानाचं दुकान घातलं होतं. हिरवं झालेलं पाणी अंधारात ठेवलं की निवळतं, हे या लोकांना अनुभवाने कळलं होतं. १८७१ साली क्रिस्टल पॅलेसमधलं मत्स्यालय उभारताना लॉइड यांनी तेच मोठ्या मापावर केलं: दाखवायच्या टाक्यांत जेवढं पाणी, त्याच्या कित्येक पट पाणी जमिनीखालच्या अंधाऱ्या हौदात. पंप दिवसरात्र चालायचा. पाणी वर येऊन माशांना भेटायचं आणि पुन्हा खाली जाऊन काळोखात विश्रांती घ्यायचं. साधारण त्याच सुमारास आमच्या सोलापूरजवळ एकरूखचा तलाव बांधला जात होता. एकीकडे माणसांना पाणी नाही म्हणून तलाव, दुसरीकडे माशांना काळोख नाही म्हणून हौद. साम्राज्य एकच.

मी उत्साहाने भाच्याला म्हटलं, "दिवे बंद कर. लॉइडसाहेबांनी सांगितलंय."

तो हसला. (त्या महिन्यात पहिल्यांदाच.) म्हणाला, "मामा, प्रवाळाच्या अंगातच शेवाळ असतं."

ही गोष्ट ऐकून मला बँकेतला एक तिढा आठवला, पण ते जाऊ द्या. खरी गोष्ट अशी की उथळ, उन्हाच्या समुद्रातल्या प्रवाळाच्या कातडीखाली सूक्ष्म शैवालं राहतात. कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८१ साली त्यांना नाव दिलं. बोटाच्या नखाएवढ्या जागेत ती लाखांनी असतात. उन्हात साखर तयार करतात आणि भाड्यापोटी बरीचशी घरमालकाला देतात. घरमालक त्यांना आपल्या शरीरातली घाण खत म्हणून देतो. दोघांचं उत्तम चाललेलं असतं. पाणी तापलं की हे भाडेकरू जातात आणि प्रवाळ पांढरं पडतं. मग त्याची उपासमार सुरू होते. थिनबाईंची थंड पाण्यातली प्रवाळं भाडेकरू न ठेवणारी होती, त्यांना ऊन लागत नसे. भाच्याच्या प्रवाळांना अंधारात ठेवायचं म्हणजे बाहेरचा चोर पकडायला घरातला दाणागोटा बंद करण्यासारखं. म्हणजे एक शेवाळ मारायचं आणि दुसरं जगवायचं, तेही एकाच दिव्याखाली.

मग आमच्या ओळखीतले एक द्राक्षबागायतदार आले. मोहोळकडचे. पेटी बघून म्हणाले, "मोरचूद मारा की! द्राक्षावरचा केवडा जातो, हे काय घेऊन बसलात!"

मोरचुदाचाही इतिहास आहे, आणि तो भारदस्त आहे. फ्रान्समध्ये १८८५ साली मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुना मिसळून द्राक्षावरच्या केवड्याला मारणारं बोर्डो मिश्रण जगापुढे ठेवलं. आमच्या जिल्ह्यातल्या बागा आजही ते फवारतात. १९०४ साली अमेरिकेच्या शेतीखात्यातल्या मूर आणि केलरमन यांनी पिण्याच्या पाण्याच्या तलावांतलं शेवाळ मोरचुदाने मारता येतं हे दाखवलं आणि गावोगावचे पाणीवाले पोती घेऊन तलावावर निघाले. शेवाळ मरतं, यात वाद नाही. पण समुद्राच्या पाण्यात तांब्याचा अगदी अल्प अंश गोगलगायीला, कोळंबीला, प्रवाळालाही मारतो. रोग परवडला. शिवाय मेलेलं शेवाळ जातं कुठे? तिथेच कुजतं, आणि त्याच्या खतावर दुसरं उगवतं. कर्ज बुडीत दाखवलं म्हणून पैसा परत येत नाही, हे मला वेगळं सांगायला नको. बागायतदारांना ताईने चहा दिला आणि पेटीपासून लांबच्या खुर्चीवर बसवलं.

इथे माझं डोकं चालायला लागलं, कारण विषय माझ्या हद्दीत आला. १९३४ साली आल्फ्रेड रेडफील्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवलं की समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या शरीरातल्या मूलद्रव्यांचं प्रमाण बऱ्यापैकी ठरलेलं असतं. पुढे ते १०६ भाग कार्बन, १६ भाग नायट्रोजन, १ भाग फॉस्फरस असं रूढ झालं. फॉस्फरसचा एक कण चुकून जमा झाला की त्याच्या जोरावर कार्बनचे शंभरावर कण हिरवे होऊन उभे राहतात. इतकं व्याज सावकारसुद्धा लावत नाही.

आता शुक्रवार पेठेतलं खातं पाहू. जमेला काय आहे? माशांचं खाणं: त्यात नायट्रोजन, फॉस्फरस. भाच्याचे मित्र येऊन प्रेमाने टाकतात ते खाणं वेगळं. आणि रोजचं भरीचं पाणी. सोलापूरला पाणी येतं ते मुख्यतः उजनीचं. उजनी धरण १९८० साली पुरं झालं. त्याच्या वर भीमेच्या खोऱ्यात पुणं आणि पिंपरी-चिंचवड बसलेलं आहे, आणि मुळा-मुठेतून त्यांचं सांडपाणी भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. धरणाचं पाणी हिरवं दिसल्याच्या बातम्या आम्ही वर्षानुवर्षं वाचतो. पुण्याने आम्हाला काही दिलं नाही ही सोलापूरकरांची जुनी तक्रार मला म्हणूनच मान्य नाही. पुणं देतं. नियमित देतं. म्हणून तर भाचा भरीचं पाणी यंत्रातून गाळून घेतो. पण त्या यंत्राची नळकांडी वेळेवर बदलावी लागते, आणि भाच्याने पाणी तपासून पाहिलं तेव्हा ती कधीच दमलेली निघाली.

नावेच्या बाजूला काय? काही नाही. पाणी उडतं, पण ते एकटंच उडतं. त्यातलं सगळं मागे ठेवून जातं. उसाला पाण्यावर पाणी देऊन आमच्याकडच्या जमिनी खारवटल्या, त्यातला प्रकार. महिनोन्महिने नुसता भरणा चालू, काढणं शून्य. अशा खात्यावर शिल्लक दिसायचीच. या खात्यात ती हिरव्या रंगात दिसते, एवढंच.

हे मी भाच्याला कागदावर मांडून दाखवलं. तो म्हणाला, "मामा, हे सगळ्यांना माहीत आहे. काढायचं कसं ते सांगा."

सगळ्यांना माहीत असलेलं पहिल्यांदा कळायलाही माणसांना शंभर वर्षं लागली होती. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडलं, त्याला निदान समोरच समुद्र होता. सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जाऊन ते बघणं हा आमच्या लहानपणी परदेशगमनाचाच प्रकार होता. पण समुद्र नसलेल्या घरात प्रवाळ वर्षानुवर्षं जगवण्याची युक्ती निघाली ती जकार्तात. ली चिन एंग यांनी १९६१ साली लिहिलं की मी फारसं काही करत नाही: समुद्रातले जिवंत दगड, म्हणजे अंगाखांद्यावर जीवजंतू असलेले दगड, पेटीत ठेवतो, हवेचे थोडे बुडबुडे सोडतो, ऊन येऊ देतो. त्या दगडांच्या फटीतले जंतू घाण पचवत होते. ज्या काळात हौशी लोक प्रवाळांचे सांगाडे उकळून, पांढरेशुभ्र करून शोभेला ठेवत, त्या काळात या माणसाने दगड न धुण्याचा सल्ला दिला. आळशी माणसाला इतिहासात मिळालेला हा दुर्मीळ मान आहे.

आणि मग खुद्द समुद्रानेच धडा दिला. जमैकाच्या किनाऱ्यावर प्रवाळांच्या मोठ्या बागा होत्या. तिथल्या लोकांनी शेवाळ खाणारे मासे पकडून पकडून संपवत आणले. तरी बाग टिकली, कारण लांब काळ्या काट्यांचा, साळिंदरासारखा दिसणारा डायडेमा नावाचा प्राणी खडक चरत होता. १९८३ साली कॅरिबियन समुद्रात त्याला रोग पडला आणि शंभरातले नव्वदाहून जास्त मेले. १९७७ साली जमैकाच्या खडकांचा ५२ टक्के भाग प्रवाळांनी झाकलेला होता. १९९० नंतरच्या मोजणीत तो ३ टक्के निघाला. शेवाळ ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेलं. खाणाऱ्या सगळ्या शाखा बंद करून एकाच कॅशियरवर बँक चालवली, आणि तो आजारी पडला. हे आकडे वाचून मी भाच्याच्या पेटीकडे बराच वेळ बघत बसलो. तीन फुटांत तेच चाललं होतं.

ज्या माणसाने 'काढायचं कसं' याचं सरळ उत्तर दिलं तो वॉशिंग्टनचा, वॉल्टर ॲडी. स्मिथसोनियन संस्थेत त्याने १९८० साली प्रवाळांचा एक जिवंत देखावा उभा केला. त्याची युक्ती ऐकून कुणालाही वाटेल की मनुष्य चेष्टा करतो आहे: शेवाळ नको असेल तर शेवाळ लावा! पेटीत नव्हे; पेटीबाहेर, उथळ तबकात, जाळीवर. वरून झगझगीत दिवा. मोटेसारखी एक बादली भरत राहते आणि भरली की त्या तबकावर उलटते, म्हणजे लाट आल्याचा भास. या थाटामाटाला भुलून शेवाळ सगळा नायट्रोजन-फॉस्फरस तिथेच ओढून घेतं. मग दर आठवड्याला जाळी बाहेर काढायची आणि शेवाळ खरवडून टाकायचं. त्याच्याबरोबर खाल्लेलं सगळं पेटीतून कायमचं बाहेर. मला तर यात आमच्या व्यवसायाची पुसट छाया दिसली. ग्राहकाला रांगेत गोंधळ घालू द्यायचा नसेल तर त्याला खुर्ची द्या, पंखा लावा, आणि फॉर्म भरायला बसवा.

भाच्याने बाजारातून भरतकामाची प्लॅस्टिकची जाळी आणली, करवतीच्या पात्याने घासून खडबडीत केली, पेटीखालच्या कपाटात एका डब्यात टांगली, वरून पंपाने पाणी सोडलं आणि लाल दिवा लावला. पहिले पंधरा दिवस काहीच उगवलं नाही. पेटीत नको म्हणताना उगवतं आणि इथे आमंत्रण देऊन येत नाही! तिसऱ्या आठवड्यात जाळी हिरवी झाली. तिसऱ्या रविवारी त्याने ती मोरीत खरवडली आणि गोळा पिळून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. सत्तर ग्रॅम. काट्यावरून ताई जे बोलली ते इतिहासात घेण्याजोगं नाही.

टाकायचं कुठे, हा प्रश्न होताच. शेजारून सूचना आली की सिद्धेश्वर तलाव जवळ आहे. तलावाला स्वतःचं शेवाळ काही कमी नाही, आणि खाऱ्या पाण्यातलं तिथे जगणारही नाही. पण भाच्याने ठाम नकार दिला. कारण त्याला मोनॅकोची हकीकत ठाऊक होती. कॉलेर्पा टॅक्सिफोलिया नावाचं एक देखणं, पिसासारखं समुद्री शेवाळ युरोपातल्या मत्स्यालयांत लोक कौतुकाने लावत. काटक, झटपट वाढणारं. १९८४ साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात ते एक चौरस मीटरभर वाढलेलं दिसलं. नीसचे प्राध्यापक अलेक्झांडर मीनेझ ओरडून सांगत राहिले. पंडितांमध्ये वाद रंगले. तोवर ते भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरांत पसरलं. २००० साली तेच कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात सापडलं. तिथे मात्र वाद घालत बसले नाहीत. ताडपत्र्या टाकल्या, खाली क्लोरीन सोडलं, सहा वर्षं पाणबुडे तळ शोधत राहिले, आणि सत्तर लाख डॉलरांवर खर्च करून २००६ साली ते संपल्याचं जाहीर केलं. मालवणच्या समुद्रातही प्रवाळं आहेत, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. कुणा हौशी माणसाची बादली तिथे रिकामी होऊ नये एवढीच माझी प्रार्थना. आमच्या घरचे सत्तर ग्रॅम उन्हात कडकडीत वाळवून कचऱ्याच्या गाडीत गेले.

मी माझ्याकडून भाच्याला एक लांबट, लाल कापडी बांधणीची वही दिली. हल्ली अशा वह्या दिवाळीत पूजेपुरत्याच विकल्या जातात. त्यात रकाने आखून दिले: तारीख, तपशील, हस्ते, जमा, नावे. खाणं किती चिमटी, पाणी किती लिटर, हे जमेला. शेवाळ किती ग्रॅम, पाणी बदललं किती, हे नावे. गाळणीची नळकांडी बदलली त्याची नोंद लाल शाईने. मित्रांनी टाकलेलं खाणं 'किरकोळ' या सदरात घातलं, आणि महिनाअखेर बेरीज पाहून मित्रांना पेटीला हात लावायची बंदी झाली.

अडीच महिने झाले. दगडांवरचे केस विरळ झाले आहेत. माझ्याइतके नाहीत, पण त्या वाटेवर आहेत. तांबडी साय एका कोपऱ्यात अजून तळ ठोकून आहे. बोनसातल्या प्रवाळाची पांढरी कड तशीच आहे, पण ती पुढे सरकलेली नाही, आणि तिच्या शेजारी एक बारीकसं बोट फुटलं आहे असं भाच्याचं म्हणणं. मला दिसत नाही. ताईला दिसतं.

परवा मी वही तपासायला घेतली. ऑडिटरच्या थाटात चष्मा वगैरे लावून बसलो. जमा-नावे जुळत होतं. मग 'हस्ते' या रकान्यावर बोट ठेवून खाली आलो. सोमवार, पाणी साडेतीन लिटर, हस्ते आई. मंगळवार, चार लिटर, हस्ते आई. बुधवार, गुरुवार, शुक्रवार: आई, आई, आई. दोन महिन्यांची पानं अशीच. भाच्याने अक्षर मात्र सुरेख काढलं आहे.

ताईने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं, चष्मा मागून घेतला, सगळं पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि भाच्याला म्हणाली, "येत्या रविवारचं पाणी तू घालायचं. आणि तिथे नाव लिहायचं, पूर्ण."